‘त्रिकाल’ आणि आमच्या घरातली मावशी

२०२४ सालचा गोवा मुक्तिदिन होऊन चार दिवस झाले होते. २३ डिसेंबरच्या संध्याकाळी श्याम बेनेगल गेल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांच्याविषयी बोलणे निघाले. ‘अंकुर’, ‘निशान्त’, ‘मंथन’, ‘भूमिका’ ही नावे भराभर आली. ‘भारत एक खोज’ही आले. ‘त्रिकाल’चे नाव मात्र कोणी घेतले नाही. आम्ही सगळे गोव्याचे, आणि बेनेगलांनी गोव्यावर काढलेला चित्रपट आमच्यापैकी एकाच्याही तोंडी येऊ नये! मला आठवत होता. पण तो आठवण्याची माझी कारणे चार माणसांत चहा पिता पिता सांगण्यासारखी नव्हती, म्हणून गप्प बसलो. आज लिहितो.

‘त्रिकाल’ १९८५ चा. मी तो पाहिला त्यानंतर साधारण पाच वर्षांनी, दूरदर्शनवर. तेव्हा मी शाळकरी पोर होतो. आमचे घर फोंडा तालुक्यात, जुन्या पद्धतीचे, मध्ये चौक आणि चौकात तुळस. टीव्ही सोप्यावर होता. बाबा आरामखुर्चीत, आजी लाकडी बाकावर, आम्ही मुले खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याला टेकून मावशी. ही मावशी माझ्या आईची बहीण नव्हे. ती आमच्याच घरात वाढलेली, न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत राहणारी. सगळेच तिला मावशी म्हणत. बाबाही म्हणत, काकाही म्हणत. एकच बाई सगळ्यांची मावशी कशी, असा प्रश्न त्या वयात पडत नाही.

चित्रपटातले मला फारसे कळत नव्हते. मेणबत्त्यांच्या उजेडात बसलेली माणसे आणि त्यांचे ते हळू बोलणे तेवढे लक्षात राहिले. मग एका प्रवेशात राण्याचा आत्मा बोलायला लागला. बाबा ताठ बसले आणि म्हणाले, “पळय, हो आमचो!” मीही टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने त्या घरातल्या मोलकरणीचे, मिलाग्रेनियाचे, काहीतरी निघाले. आजी एकदम म्हणाली, “बंद कर रे तें. रात जाली.” टीव्ही बंद झाला. मला वाटले, आजी भुताला घाबरली.

नंतर हा चित्रपट मी अनेकदा पाहिला. बेनेगल गेले त्या आठवड्यात पुन्हा पाहिला. आजी कशाला घाबरली होती हे आता मला ठाऊक आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. रुईज परेरा (नसिरुद्दीन शाह) चोवीस वर्षांनी आपल्या गावी परत येतो आणि त्याच्या आठवणीतून १९६१ सालचे दिवस उभे राहतात. सौझा-सुवारिश या भाटकार घराण्यातला कर्ता पुरुष एर्नेश्तो मरण पावला आहे. त्याची बायको दोना मारिया (लीला नायडू) नवरा मेला हेच मानायला तयार नाही. घरात मयत, बाहेर माणसे जमलेली, आणि ही आपल्या खोलीत ग्रामोफोनवर गाणी ऐकत बसते. मुलगी सिल्व्हियाला वेगळीच चिंता. तिच्या मुलीचे, ॲनाचे, लग्न पोर्तुगालहून आलेल्या एराज्मोशी ठरवायचे आहे, आणि घरात सुतक म्हणून सोहळा अडला. ॲनाचा जीव तिसऱ्याच माणसावर, पोर्तुगीज पोलिसांना चुकवून घरात लपलेल्या लिऑनवर. बाहेर सीमेवर भारतीय फौज येऊन उभी. चारशे एकावन्न वर्षांची राजवट मोजक्या दिवसांची सोबती आहे हे दिसत असताना घरातली माणसे साखरपुड्याला कोणाला बोलवायचे यावर भांडतात. मला हे फार खरे वाटते. इतिहासाची मोठी पाने उलटत असतात तेव्हा घराघरात असलीच भांडणे चाललेली असतात.

चित्रीकरण झाले ते सासष्टीतल्या लोटली गावी, मारियो मिरांडा यांच्या वडिलोपार्जित घरात. त्यांच्या व्यंगचित्रांतल्या दोना आणि पाद्री आपण हसत हसत पाहिले. ती माणसे ज्या घरांतून आली त्यांपैकी एक घर या चित्रपटात आतून दिसते. रात्रीचे प्रसंग छायालेखक अशोक मेहता यांनी मेणबत्तीच्या उजेडाचे करून टाकले आहेत. हा नुसता देखणेपणाचा सोस नव्हे. गोव्यात गावोगाव वीज पोचली ती मुक्तीनंतर. त्या मोठ्या घरांत रात्री एवढाच उजेड असे आणि बाकीचे घर काळोखात असे. संगीत वनराज भाटियांचे, आणि पडद्यावर गाताना दिसतो आपला रेमो. बेनेगलांना या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, वेशभूषेचा सबा झैदींना.

बेनेगल जन्मले हैदराबादजवळ, त्रिमुलघेरीला. पण घर चित्रापूर सारस्वतांचे, म्हणजे कोकणी बोलणारे. या समाजाचे पूर्वज पोर्तुगीज काळात गोवा सोडून दक्षिणेला गेले असे परंपरेने सांगतात. लीला नायडूंचेही गोव्याशी नाते होते, कवी डॉम मोराइश हे त्यांचे पती. गोवा सोडून गेलेल्यांच्या वंशातला एक माणूस गोव्यात राहिलेल्यांच्या घरात कॅमेरा घेऊन शिरतो, असे मी या चित्रपटाकडे पाहतो.

आता राण्याकडे येऊ. दोना मारियाला नवऱ्याशी बोलायचे असते. ती मिलाग्रेनियाला समोर बसवते आणि आत्म्याला बोलावते. आपल्याकडे देवळात अवसर येतो, साधारण तसेच. पण येतो तो एर्नेश्तो नव्हे. येतो राणे, या घराण्याच्या पूर्वजांमुळे जिवाला मुकलेला बंडखोर. घरच्या धन्याला हाक मारावी आणि घराण्याच्या पापाने ओ द्यावी, असा हा प्रकार.

हा राणे कोण, हे परगावच्या प्रेक्षकाला कळणे कठीण. आपल्याला सांगावे लागू नये, पण नव्या पिढीसाठी सांगतो. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादी, सोळाव्या शतकात घेतलेल्या. लोटली त्यातली. सत्तरीसारखे महाल नव्या काबिजादीतले, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती गेलेले. या दोन गोव्यांमध्ये अडीचशे वर्षांचे अंतर पडले. धर्म बदलला, पेहराव बदलला, घराची बांधणीसुद्धा बदलली. सत्तरीचे राणे हे आपल्या हक्कांना आणि मानाला जपणारे सरदार. दीपाजी राण्यांचे बंड १८५२ ते १८५५ चालले. कुष्टोबा राण्यांचे १८६९ ते १८७१, आणि त्यातच कुष्टोबा मारले गेले. १८९५ साली मराठा पलटणीच्या शिपायांना आफ्रिकेत मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला. शिपाई उलटले आणि सत्तरीला जाऊन राण्यांना मिळाले. ते दादा राण्यांचे बंड. ते मोडायला खुद्द पोर्तुगालच्या राजाचा भाऊ आफोंसो फौज घेऊन आला होता. १८९७ मध्ये बंड संपले आणि दादा राण्यांना दूर तिमोरला पाठवण्यात आले.

आम्ही मराठी शाळेत शिकलेली माणसे हा इतिहास अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पण एक गोष्ट आपण सहसा बोलत नाही. राण्यांच्या बंडावर मांडो आणि दुलपदे आहेत आणि ती ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत गायली गेली. ज्यांना राण्यांची धास्ती होती त्यांनीच राण्यांची गाणी जपली. म्हणजे लोटलीसारख्या गावात राण्याचे नाव परके नव्हते. ते गाण्यात होते, भीतीत होते. बेनेगलांनी काही आगाऊ जोडून दिलेले नाही. त्या घरांत राणे आधीपासून वावरत होताच.

माझ्या बाबांनी त्या रात्री “हो आमचो” म्हटले ते या अर्थाने बरोबरच होते. इतकी वर्षे मीही तसाच पाहत आलो. ख्रिस्ती भाटकाराच्या घरात आमचा राणे येतो आणि जाब विचारतो, या समाधानात चित्रपट संपे. परवा पाहताना मात्र माझी नजर राण्यावरून हटली आणि जिच्या तोंडून तो बोलतो तिच्याकडे गेली.

मिलाग्रेनिया (नीना गुप्ता) त्या घरातली मोलकरीण. पण ती मोलकरीण म्हणून बाहेरून आलेली नाही. ती एर्नेश्तोचीच मुलगी आहे, लग्नाबाहेरची. घरात सर्वांना ते ठाऊक आहे. दोना मारियाला तर पक्के ठाऊक आहे. ती तिला रागावते, राबवते आणि तिच्यावाचून तिचे चालतही नाही. नवऱ्याला बोलावण्यासाठी तिला माध्यम हवे, तर ती सख्ख्या मुलीला बसवत नाही, हिला बसवते. कारण नवऱ्याचे रक्त हिच्यात आहे आणि हिला नाही म्हणण्याची सोय नाही. पुढे डॉक्टरांचा पुतण्या रुईज तिच्याशी लगट करतो, तिला दिवस जातात आणि तो गाव सोडतो. आईच्या वाट्याला आले ते मुलीच्याही वाट्याला येते. चोवीस वर्षांनी परतलेला रुईज ही सगळी कथा आपल्याला सांगतो तो काही केवळ आठवणींच्या ओढीने नव्हे. त्याच्या बोलण्यात अपराधी माणसाचा स्वर आहे.

मिलाग्रेनिया हे नावसुद्धा पाहा. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण कोणाला ठाऊक नाही? आपण हिंदू तिला सात बहिणींपैकी एक मानतो, शिरगावच्या लईराईची बहीण. जत्रेत तिच्यापुढे दोन्ही धर्मांची माणसे तेल घेऊन उभी असतात. बहीण म्हणून देवीला मानायला आपण तयार, घरातली मात्र मोलकरीण.

माझे आयुष्य सरकारी कागदांत गेले, त्यामुळे मी पुढचा विचार कागदाचा करतो. एर्नेश्तो गेला म्हणजे त्या घरात आता इन्व्हेंतार होणार. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. त्यात मुलगा आणि मुलगी दोघांना सारखा वाटा. आईबापांना मनात आले म्हणून मुलाला सगळ्यातून बेदखल करता येत नाही. बाकी देशाला ज्याचे कौतुक वाटते असा हा कायदा. पण त्याची सुरुवात एका यादीने होते. घरातला एक माणूस काबेस द कझाल, म्हणजे कुटुंबप्रमुख म्हणून शपथेवर सांगतो की मयताचे वारस इतके आणि त्यांची नावे ही. सौझा-सुवारिशांच्या घरात ती यादी कोण करणार आणि तिच्यात कोणाचे नाव असणार नाही, हे चित्रपट न दाखवताही आपल्याला कळते. कायदा कितीही न्यायी असला तरी तो यादीत लिहिलेल्या नावांपुरताच.

हे ख्रिस्ती भाटकारांच्या घरातच घडत होते असे समजून आपण सुटू शकत नाही. सत्तरी, सांगे, केपे भागांतल्या सरदार-देसायांच्या वाड्यांवर बांद्या असत. धन्यापासून त्यांना झालेल्या मुलांना ‘फर्जंद’ म्हणत. शब्द मूळचा फारसी, अर्थ नुसता संतान. पण आपल्याकडे तो संतान असून घराचे नसलेल्यांसाठी राखून ठेवला गेला. देवळांच्या आश्रयाने राहणाऱ्या कलावंत आणि देवळी यांची कथा याहून फार निराळी नव्हती. दीनानाथ मंगेशकरांचे वडील मंगेशीच्या देवळातले पुजारी, आई कलावंत घराण्यातली. त्यांनी वडिलांचे आडनाव लावले नाही, गावाचे लावले. आज त्या गावाला जग त्यांच्या आडनावाने ओळखते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे सगळे लोक एकत्र आले आणि त्यांनी गोमंतक मराठा समाज उभा केला. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर याच समाजातले. त्या चळवळीतले एक कार्यकर्ते, पैंगीणचे राजाराम पैंगीणकर यांनी मराठीत आत्मचरित्र लिहिले. नाव ठेवले ‘मी कोण?’. मिलाग्रेनिया बोलू शकली असती तर तिने दुसरा काय प्रश्न विचारला असता?

बेनेगलांना हा प्रश्न नवा नव्हता. १९७७ चा ‘भूमिका’ त्यांनी हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या मराठी आत्मकथनावरून केला होता. तिथली बाई बोलते, चुकते, पुन्हा उभी राहते. ‘त्रिकाल’मधल्या मिलाग्रेनियाला मात्र स्वतःचे बोलणे फार थोडे. तिच्या तोंडून राणे बोलतो, मोठमोठे जुने अन्याय बोलतात, आणि तिचा स्वतःचा अन्याय तिथेच चटईवर बसून राहतो. काही जण याला चित्रपटाचा दोष म्हणतील. हिंदी बोलणारी गोवेकर माणसे हा दोष मलाही खटकतो. पण मिलाग्रेनियाच्या मुकेपणाला मी दोष म्हणणार नाही. आम्ही सोप्यावर बसून राण्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि ती कोणाला दिसली नाही, हे दिग्दर्शकाला आधीच ठाऊक असावे.

माझी मावशी १९९८ साली वारली. तिला मूलबाळ नव्हते. दोन वर्षांपूर्वी आमच्या घराच्या वाटणीचे निघाले. आजोबांच्या नावावरची जमीन आणि घर अजून तसेच होते. ‘तुला कागद कळतात’ म्हणून वारसांची यादी करायचे काम माझ्याकडे आले. मी ती नीट केली. मोठे काका, बाबा, आत्या, त्यांचे जोडीदार, मुले, सुना. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, मृत्यूचे दाखले. एकही चूक निघाली नाही आणि सगळ्यांनी शाबासकी दिली. मावशीचे नाव त्यात घालावे असे कोणी म्हणाले नाही. मलाही सुचले नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

मग घर रिकामे करताना माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात मुक्तीनंतरच्या काळातले जुने रेशनकार्ड सापडले. कुटुंबप्रमुख आजोबा. खाली एकेकाचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आडनाव. शेवटच्या ओळीत मावशीचे नाव, एकच शब्द. पुढे ना बापाचे नाव ना आडनाव. नात्याच्या रकान्यात ‘नोकर’. तो रकाना भरणारा माझ्यासारखाच कोणी कारकून असणार. त्याने विचारले असेल, आजोबांनी सांगितले असेल, याने लिहिले असेल. आमचे कामच ते.

कार्ड घेऊन मी आत्याकडे गेलो. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने कार्ड डोळ्यांजवळ नेऊन वाचले आणि मांडीवर ठेवले. मी काहीच विचारले नव्हते. बऱ्याच वेळाने म्हणाली, “तिचे कान पळयले न्हय तुवें?” पाहिले होते. आजोबांचे कान मोठे, पाळ्या लोंबत्या. बाबांचे तसेच, माझेही तसेच. मावशी उंबरठ्याला टेकून बसायची तेव्हा आतल्या दिव्याचा उजेड तिच्या मागून यायचा आणि ते कान स्पष्ट दिसायचे. मला एवढेच आठवत नाही की त्या रात्री आजीने टीव्ही बंद करायला लावला तेव्हा मावशी उठून आत गेली, की तिथेच बसून राहिली.

एक मात्र केले आहे. आमच्या घराण्याची वंशावळ काकांनी मोठ्या हौसेने एका लांब कागदावर तयार केली आहे. सध्या ती माझ्याकडे आहे. तिच्यात आजोबांच्या खाली तीन रेघा होत्या. मी चौथी काढली आणि तिच्याखाली मावशीचे नाव लिहिले. अजून पेन्सिलीनेच आहे. शाई करण्याआधी काकांशी बोलावे लागेल. ते माझ्यापेक्षा मोठे आहेत, ‘त्रिकाल’ त्यांनीही पाहिला आहे, आणि राण्यांच्या बंडाविषयी ते फार छान बोलतात.